तवांगचं धान्य कुणाकडे जायचं?

‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला’ हे वाक्य मराठी माणसाच्या कानावरून कधी ना कधी गेलेलं असतं. १९६२ च्या चीन युद्धात कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावं लागलं आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले, तेव्हाचं ते वाक्य. पण त्यातला हिमालय नेमका कुठला, हे फारसं कुणी विचारत नाही. युद्ध लडाखमध्येही झालं, पण देशाला खरा हादरा बसला तो पूर्वेला, ज्याला तेव्हा ‘नेफा’ म्हणत. आणि नेफातलं जे पहिलं मोठं ठिकाण हातातून गेलं, ते तवांग.

तवांग आज अरुणाचल प्रदेशाच्या वायव्य कोपऱ्यात आहे. दर दोन-चार वर्षांनी ते बातम्यांत येतं. चीन त्याला ‘दक्षिण तिबेट’ म्हणतो, मधूनच तिथल्या डोंगर-नद्यांना नवी चिनी नावं जाहीर करतो. आपल्याकडे दोन दिवस चर्चा होते आणि मग विषय मागे पडतो. वाद नेमका कशावरून आहे, हे त्या दोन दिवसांत कुणी सांगत नाही. सांगायला गेलं तर फार मागे जावं लागतं, आणि ते मागे जाणं नकाशापाशी थांबत नाही. नकाशावरची रेघ या गोष्टीत खूप उशिरा येते. त्याआधीची अडीचशे वर्षं प्रश्न एवढाच होता, की इथला शेतकरी आपल्या धान्याचा वाटा कुणाकडे पोचवतो.

सेलाच्या पलीकडे

आधी जमिनीचा उतार समजून घेऊ, कारण अर्धं राजकारण त्यातच आहे.

तवांग साधारण १०,००० फुटांवर वसलंय. पश्चिमेला भूतान, उत्तरेला तिबेट. तिबेटच्या हद्दीवरची बुम ला ही खिंड गावापासून ४० किलोमीटरच्या आत आहे. याउलट आसामच्या मैदानातलं तेजपूर ३०० किलोमीटरहून लांब, आणि मध्ये १३,७०० फुटांवरची सेला खिंड. (तिबेटी भाषेत ‘ला’ म्हणजेच खिंड. त्यामुळे आपण ‘सेला खिंड’ म्हणतो तेव्हा खिंड दोनदा म्हणतो. पण आता तसंच रुळलंय.) बुम ला उंचीने सेलापेक्षाही जास्त, १५,००० फुटांच्या वर. तरी तिच्यापलीकडे तिबेटचं पठार लागतं, आणि जवळच त्सोना नावाचं मोठं बाजारगाव. तवांगच्या माणसाला दक्षिणेकडे उतरायचं तर दाट जंगल, पाऊस, दरडी आणि हिवताप. उत्तरेकडे फक्त थंडी. जुन्या काळी त्याचे पाय कुठे वळत असतील, हे वेगळं सांगायला नको.

इथले लोक मोनपा. त्यांचा मुलूख मोन्युल. ‘मोन’ हा तिबेटी शब्द दक्षिणेकडच्या, सखल भागातल्या लोकांसाठी वापरत. म्हणजे हे नावच मुळी उत्तरेकडून बघणाऱ्याने ठेवलेलं आहे. मोनपांच्या बोली मात्र तिबेटी नाहीत, त्यांचं नातं पूर्व भूतानच्या बोलींशी जास्त जवळचं. धर्म, लिपी, पंचांग, कपड्यालत्त्यातल्या बऱ्याच गोष्टी तिबेटकडून आल्या. शेती मात्र मोनपांची स्वतःची, कारण तिबेटच्या पठारापेक्षा इथल्या दऱ्यांत बरंच जास्त पिकतं. तिबेटला या मुलखाचं आकर्षण होतं ते याच कारणाने. मीठ आणि लोकर तिकडे भरपूर, धान्य इकडे. दोन्हींची अदलाबदल करणारा रस्ता त्सोनाहून तवांगमार्गे आसामातल्या उदलगुडीच्या जत्रेपर्यंत जायचा, आणि तवांग त्या रस्त्याच्या मधोमध होतं.

हरवलेला घोडा आणि सापडलेलं फर्मान

तवांग म्हटलं की डोंगराच्या सोंडेवर बसलेला तो पांढऱ्या भिंतींचा, पिवळ्या छपरांचा मठ डोळ्यांपुढे येतो. भारतातला हा सर्वांत मोठा बौद्ध मठ. नाव गाल्देन नामग्ये ल्हात्से. भोवतीचा तट ९२५ फुटांचा, आत ६५ घरं, तीनमजली सभामंडप, जुन्या ग्रंथांचं भांडार. रचना किल्ल्यासारखी आहे आणि ती उगाच तशी नाही.

मठ कसा उभा राहिला याची लोककथा सगळीकडे छापलेली असते. मेराक लामा लोद्रे ग्यात्सो हे जागेच्या शोधात असताना एका गुहेत प्रार्थनेला बसले. बाहेर आले तर घोडा गायब. शोधत गेले तेव्हा तो या टेकडीवर शांत उभा सापडला. हाच शकुन मानून १६८०-८१ मध्ये मठाचा पाया घातला. ‘ता’ म्हणजे घोडा, ‘वांग’ म्हणजे निवडलेलं. घोड्याने निवडलेली जागा ती तवांग.

कथा गोड आहे, पण त्याच वर्षांतली एक कोरडी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. १६८० मध्ये ल्हासातल्या पाचव्या दलाई लामांनी एक फर्मान काढलं. त्यात मोन्युल आपल्या सत्तेखाली आल्याचं म्हटलं होतं आणि मेराक लामांना तिथे कर गोळा करण्याचा अधिकार दिला होता. त्या आधीच्या काळात या डोंगरांत बौद्ध धर्माच्या वेगवेगळ्या पंथांची ओढाताण चालू होती. शेजारच्या भूतानमध्ये द्रुक्पा पंथाचं राज्य बसलं होतं आणि त्याचं दलाई लामांच्या गेलुग पंथाशी वैर होतं. गंमत म्हणजे मेराक लामांच्या नावातलं मेराक गाव आज भूतानमध्ये आहे. तवांगचा मठ हे देवस्थान तर होतंच, शिवाय ते सीमेवरचं गेलुग पंथाचं ठाणंही होतं. त्या तटाचा अर्थ इथे लागतो.

मग कर सुरू झाले. गावोगावचं धान्य मठाच्या कोठारात यायचं. घरात तीन मुलगे असले तर मधला मठाला द्यायचा, हा एक प्रकारचा करच होता. शिवाय त्सोनाचा अंमलदार, ज्याला झोंगपोन म्हणत, तो हिवाळ्यात खाली उतरून स्वतःची वेगळी वसुली करायचा. अधिकाऱ्यांचं सामान फुकट वाहून न्यायची वेठबिगारही होती. मठ ल्हासाजवळच्या द्रेपुंग या बलाढ्य मठाशी जोडलेला, त्यामुळे वरच्या नेमणुकांवर तिथला हात.

आता हे ‘राज्य’ म्हणायचं का? चौथाई आणि सरदेशमुखी शाळेत शिकलेल्या वाचकाला हा पेच लगेच कळेल. मराठे ज्या मुलखातून चौथाई घ्यायचे तो सगळा मुलूख मराठ्यांच्या राज्यात होता असं कुणी म्हणत नाही, पण तिथे त्यांचं काहीच नव्हतं असंही म्हणता येत नाही. मोन्युलमध्ये तर धर्म, वसुली आणि अंमल हे तीन धागे एकाच दोरीत वळलेले होते. मठाचं धान्य हे दान की सारा, हे देणाऱ्यालाही कदाचित वेगळं करता आलं नसतं. आजचा सगळा वाद हे धागे सुटे करण्याचा आहे, आणि ते मुळात सुटे असावेत म्हणून वळलेलेच नव्हते.

उर्गेलिंगचा मुलगा

तवांगपासून काही किलोमीटरवर उर्गेलिंग नावाचा अगदी लहानसा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, आहे. इथे १६८३ मध्ये एक मुलगा जन्मला, जो पुढे सहावा दलाई लामा झाला. त्सांगयांग ग्यात्सो. आजपर्यंतच्या चौदा दलाई लामांपैकी फक्त दोघे तिबेट आणि तिबेटी-भाषक चिनी प्रांतांच्या बाहेर जन्मले. चौथा मंगोलियात, आणि सहावा इथे, मोनपांच्या घरात.

याची गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. पाचवे दलाई लामा १६८२ मध्ये वारले, तेव्हा ल्हासातल्या पोताला राजवाड्याचं बांधकाम अर्धवट होतं. कारभारी सांग्ये ग्यात्सो याने मृत्यूची बातमीच दाबून ठेवली. थोडीथोडकी नाही, सुमारे १५ वर्षं. दलाई लामा ध्यानाला बसलेत, कुणाला भेटत नाहीत, एवढंच जगाला सांगितलं जायचं. दरम्यान पुनर्जन्म शोधून मुलाला गुपचूप त्सोनात ठेवलं होतं. १६९७ मध्ये त्याला एकदम गादीवर बसवलं तेव्हा तो १४ वर्षांचा होता, म्हणजे घडायचं वय बरंचसं उलटून गेलेलं.

त्याचं मन त्या गादीत कधी रमलं नाही. विशीच्या आत त्याने भिक्षुव्रत परत केलं, केस वाढवले, ल्हासाच्या गल्ल्यांतून हिंडू लागला आणि प्रेमाच्या कविता लिहिल्या. त्या कविता तिबेटी माणसाला आजही पाठ असतात. १७०६ मध्ये मंगोल सरदार ल्हाझांग खानाने त्याला पदच्युत करून चीनकडे रवाना केलं आणि वाटेतच त्याचा अंत झाला. त्याच्या एका कवितेत तो पांढऱ्या क्रौंच पक्ष्याकडे पंख मागतो आणि लांब नाही, फक्त लिथांगपर्यंत जाऊन परत येईन, असं सांगतो. पुढचा, सातवा दलाई लामा लिथांगमध्येच सापडला. म्हणून ती कविता भविष्यवाणी मानतात.

मोनपांच्या दृष्टीने हा ‘आपला’ मुलगा. उर्गेलिंगला त्याने काठी रोवली आणि तिचं झाड झालं, अशी आख्यायिका गावकरी सांगतात. चीनच्या दृष्टीने याच घराला दुसरा अर्थ आहे. दलाई लामांच्या परंपरेवर आपलं नियंत्रण हवं असेल, तर त्यातल्या एकाचं जन्मस्थान परक्या देशात असणं सोयीचं नाही. चौदावे दलाई लामा वयोवृद्ध आहेत. पुढचा शोध कुठे लागणार, या प्रश्नाने तवांगचं वजन आणखी वाढवलंय.

इंग्रज येतात, पैसे देतात

इंग्रजांनी आसाम घेतला तेव्हा डोंगराच्या पायथ्याच्या वाटांना ‘द्वार’ म्हणत. त्यातलं कुरियापारा द्वार त्यांनी १८४४ मध्ये ताब्यात घेतलं. तिथे मोनपा सरदारांचा जुना हक्क होता, म्हणून त्यांना वर्षाला ५,००० रुपये ठरवून दिले. त्या पैशाचा मोठा वाटा डोंगर चढून तवांगच्या मठाकडे जायचा. म्हणजे मैदानातल्या इंग्रजी खजिन्यातूनही मठाला पैसा पोचत होता.

वर काय आहे, हे मात्र इंग्रजांना फारसं माहीत नव्हतं. जे कळलं ते नैनसिंग रावत यांच्यामुळे. कुमाऊँचे हे शाळामास्तर इंग्रजांसाठी गुपचूप मोजणी करायचे. १०८ ऐवजी १०० मण्यांची जपमाळ घेऊन चालायचे, शंभर पावलांना एक मणी ओढायचे, आणि नोंदी प्रार्थनाचक्रात लपवायचे. लेहहून ल्हासामार्गे येताना १८७४ च्या अखेरीस ते तवांगला पोचले. मठाच्या अधिकाऱ्यांनी त्यांना पुढे जाऊ दिलं नाही, जवळपास दोन महिने अडकवून ठेवलं. आपल्या व्यापारावर बाहेरच्या कुणाची नजर नको, हे त्यांचं धोरण होतं. १८७५ च्या वसंतात रावत उदलगुडीला उतरले तेव्हा तो रस्ता पहिल्यांदा पावलांनी मोजला गेला होता.

दोन कागदांवरची लाल रेघ

१९१० च्या सुमारास चीनचं सैन्य ल्हासापर्यंत आलं आणि इंग्रजांना आसामच्या उत्तरेची काळजी वाटू लागली. वर्षभरात चीनमध्ये क्रांती झाली, सैन्य परतलं, पण इंग्रजांच्या मनातली भीती गेली नाही. ऑक्टोबर १९१३ मध्ये सिमल्याला परिषद भरली. ब्रिटिश हिंदुस्थानतर्फे सर हेन्री मॅकमहोन, तिबेटतर्फे लोन्चेन शात्रा, चीनतर्फे इव्हान चेन.

परिषदेचा मुख्य विषय तिबेट आणि चीन यांच्यातली हद्द हा होता. तिबेट आणि आसाम यांच्यातली हद्द हा बाजूचा व्यवहार. तो मॅकमहोन आणि शात्रा यांनी मार्च १९१४ मध्ये दिल्लीत आपसात उरकला. चिनी प्रतिनिधी त्या चर्चेत नव्हता. भूतानपासून ब्रह्मदेशापर्यंत सुमारे ८९० किलोमीटरची रेघ दोन कागदांवर लाल शाईने मारली गेली. तवांग रेघेच्या दक्षिणेला आलं. तिबेटी लोकांच्या तिथल्या खाजगी जमिनींना धक्का लावणार नाही, असं मॅकमहोनने लिहून दिलं.

शात्राने एवढा मोठा मठ सोडून दिला कसा? याचं उत्तर मुख्य विषयात आहे. इंग्रजांच्या मदतीने चीनशी पक्की हद्द मिळेल, आपलं स्वतंत्र स्थान कागदावर येईल, या आशेने. पण चीनने सिमला करारावर शेवटी सही केलीच नाही. मग ल्हासाचं म्हणणं असं झालं, की ज्या मोबदल्यात आम्ही तवांग दिलं तो मोबदलाच मिळाला नाही. सौदा फिसकटला तर माल कसा गेला?

पुढे जे घडलं ते सरकारी कारभाराचा अनुभव असलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. फाइल हरवली. इंग्रजांनी रेघ कपाटात ठेवली आणि विसरले. तवांगचा मठ पूर्वीसारखाच वसुली करत राहिला, त्सोनाचा झोंगपोन येत राहिला. १९३५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ किंग्डन-वॉर्ड परवानगीशिवाय तिबेटात फिरला, तिबेटी अधिकाऱ्यांनी त्याला धरलं, तक्रार आली. त्या तक्रारीला उत्तर लिहिताना ओलाफ कॅरो या अधिकाऱ्याच्या लक्षात आलं, की कागदोपत्री तवांग तर आपलं आहे! बरं, सरकारने छापलेल्या करारसंग्रहाच्या १९२९ च्या खंडात १९१४ च्या या कागदांचा पत्ताच नव्हता. मग १९३८ मध्ये तो खंड पुन्हा छापला, त्यात कागद घातले आणि मुखपृष्ठावर वर्ष मात्र १९२९ च ठेवलं. जुन्या प्रती परत मागवून नष्ट केल्या. एक जुनी प्रत हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात शिल्लक राहिली आणि त्यामुळे ही लबाडी पुढे उघड झाली. आपला पक्ष मांडणाऱ्याला ही गोष्ट सांगायला आवडत नाही, पण समोरच्याला ती ठाऊक असते.

१९३८ मध्ये कॅप्टन लाइटफूट छोटी तुकडी घेऊन तवांगला गेला. त्याने गावकऱ्यांवरच्या करांचा बोजा पाहिला, मठात बसून चर्चा केल्या आणि परत आला. लंडन-दिल्लीला खर्च नको होता, ल्हासाला दुखवायचंही नव्हतं. १९४४ मध्ये इंग्रजांनी सेलाच्या दक्षिणेला दिरांगमध्ये चौकी बसवली, पण सेला ओलांडली नाही. १९४७ मध्ये स्वातंत्र्य आलं तेव्हा भारताच्या नकाशात तवांग होतं आणि तवांगमध्ये भारत नव्हता.

मणिपूरचा मेजर

ऑक्टोबर १९५० मध्ये चीनचं सैन्य तिबेटात शिरलं. नोव्हेंबरात सरदार पटेलांनी नेहरूंना ईशान्य सीमेबद्दल सावध करणारं पत्र लिहिलं. आणि जानेवारी १९५१ मध्ये आसामच्या पायथ्यापासून मेजर रालेंगनाओ खाथिंग, सगळे त्यांना बॉब म्हणत, आसाम रायफल्सचे सुमारे दोनशे जवान घेऊन निघाले. खाथिंग मणिपूरच्या उखरूलचे, तांगखुल नागा. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांविरुद्ध लढलेले. तेव्हा आसामचे राज्यपाल होते जयरामदास दौलतराम, आणि मोहीम त्यांच्या सांगण्यावरून निघाली होती.

भर हिवाळ्यात सेला ओलांडून ते फेब्रुवारीत तवांगला पोचले. गावाजवळ तळ दिला, संचलन केलं, मठाच्या आणि गावच्या प्रमुखांना भेटले. वसुली करणाऱ्या त्सोनाच्या अधिकाऱ्यांना सांगितलं, इथून पुढे नाही. कुणावर गोळी झाडावी लागली नाही. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर भारत इथे आला तो कर थांबवणारा म्हणून, आणि माझ्या मते झेंडा टिकण्यामागे हे मोठं कारण होतं. ल्हासाने विरोध नोंदवला. पेकिंगने तेव्हा गाजावाजा केला नाही, आणि पुढच्या वादात भारताच्या बाजूने हा मुद्दा वजनदार ठरतो. इतकं काम करूनही खाथिंग यांचं नाव अनेक दशकं कुणाला माहीत नव्हतं. तवांगमध्ये त्यांचं स्मारक व्हायला २०२१ साल उजाडावं लागलं.

मार्च १९५९, ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२

३१ मार्च १९५९ रोजी चौदावे दलाई लामा ल्हासाहून पळून याच पट्ट्यातून भारतात आले. काही दिवस तवांगच्या मठात राहिले, मग बोमडिलामार्गे तेजपूर. सहाव्याच्या जन्मगावातून चौदाव्याचा वनवास सुरू झाला. चीनच्या मनात तवांगबद्दल जी अढी बसली ती इथूनच घट्ट झाली असावी.

१९६२ ची लढाई तवांगच्या पश्चिमेला, थाग ला डोंगरधारेखालच्या नामका चू ओढ्याकाठी सुरू झाली, आणि कारण पुन्हा ती लाल रेघ. १९१४ च्या नकाशाचं प्रमाण एक इंचाला आठ मैल. रेघ इंचाच्या सोळाव्या भागाइतकी जाड असली तरी जमिनीवर ती अर्धा मैल रुंद होते. भारताचं म्हणणं, रेघेमागचं तत्त्व पाणलोटाचं आहे, म्हणजे पाणी ज्या धारेवर दुभंगतं ती सीमा, म्हणून थाग ला ही सीमा. चीनचं म्हणणं, मुळात रेघच मान्य नाही, आणि मान्य केली तरी नकाशावर ती थाग लाच्या दक्षिणेला आहे. त्या दोन अर्थांमधल्या चिंचोळ्या पट्टीत भारताने धोलाची चौकी बसवली होती.

२० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला झाला. उन्हाळी कपड्यांतली, अपुऱ्या दारूगोळ्याची सातवी ब्रिगेड मोडली, ब्रिगेडियर जॉन दळवी कैद झाले. बुम लाच्या वाटेवर सुभेदार जोगिंदर सिंग मूठभर जवानांसह लढले, त्यांना परमवीर चक्र मिळालं. तवांग लढाईविना सोडावं लागलं. १७ नोव्हेंबरला नुरानांगजवळ रायफलमन जसवंतसिंग रावत धारातीर्थी पडले. त्यांच्या ठाण्यावर आज मंदिर आहे, तिथे त्यांचं अंथरूण रोज घातलं जातं. सेला पडली, बोमडिला पडलं. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी केली आणि सैन्य मागे घेतलं. तवांगच्या युद्धस्मारकावर या भागात पडलेल्या २,४२० जवानांची नावं आहेत. स्मारकाचा आकार स्तूपाचा ठेवलाय.

जिंकलेलं तवांग चीनने का सोडलं? हिवाळ्यात बंद होणाऱ्या खिंडींपलीकडे सैन्य पोसणं अवघड, हे एक कारण नक्की. पण सोडलं ही वस्तुस्थिती आहे, आणि त्यानंतरचा दावा तिला वळसा घालूनच मांडावा लागतो.

वाद आज कुठे अडलाय

चीनचा युक्तिवाद साखळीसारखा आहे: तवांग ल्हासाचं होतं, ल्हासा आमचं आहे, म्हणून तवांग आमचं. भारत पहिल्या कडीवर म्हणतो, की मठाची वसुली म्हणजे राज्य नव्हे, आणि ल्हासाने स्वतःच १९१४ मध्ये हा भाग दिला. यात एक गाठ आहे. १९१४ चा करार खरा धरायचा तर तेव्हाच्या तिबेटला करार करण्याचा अधिकार होता, म्हणजे तो स्वतंत्र होता, असं मानावं लागतं. चीन ते कधीच मानणार नाही. आणि तिबेट चीनचा भाग आहे हे भारताने मान्य केलेलं असल्यामुळे आपल्यालाही तो मुद्दा फार ताणता येत नाही. म्हणूनच १९१४ च्या कागदापेक्षा १९५१ पासूनचा सलग कारभार आणि तिथल्या लोकांची मर्जी, हा भारताचा अधिक भक्कम पाया आहे असं मला वाटतं.

१९६० मध्ये चौ एन-लाय दिल्लीत आले तेव्हा सूर असा होता, की अक्साई चीन आमच्याकडे राहू द्या, पूर्वेला आम्ही सोडतो. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून तो बदलला आणि पूर्वेलाही सवलत हवी, म्हणजे मुख्यतः तवांग, अशी मागणी सुरू झाली. २००५ मध्ये दोन्ही देशांनी सही केलेल्या तत्त्वांत एक कलम आहे: सीमाभागात वस्ती करून असलेल्या लोकांच्या हिताचं रक्षण करायचं. भारत म्हणतो, याचा अर्थ वस्ती असलेलं तवांग चर्चेतून बाहेर. चीन म्हणतो, तसा अर्थ नाही. डिसेंबर २०२२ मध्ये तवांगजवळच्या यांगत्से इथे सैनिकांची झटापट झाली, ती याच पार्श्वभूमीवर.

या सगळ्यात गावाचं काय, हे पहायचं तर मठाच्या आवारात जानेवारीच्या आसपास होणारा तोरग्या बघावा. तीन दिवस मुखवट्यांचे नाच चालतात, अनिष्ट शक्तींना घालवण्यासाठी. किंवा मोन शुगु पहावा, एका झुडपाच्या सालीपासून हाताने बनवलेला कागद. तो पूर्वी इथून तिबेटपर्यंत पोथ्यांसाठी जायचा. खिंडी बंद झाल्या, गिऱ्हाईक पलीकडे राहिलं आणि धंदा बसला. डिसेंबर २०२० मध्ये खादी ग्रामोद्योग आयोगाने तवांगमध्ये त्याचं केंद्र पुन्हा सुरू केलं. ‘वारसा जपणे’ हा शब्द आपण सहज वापरतो, पण इथे कागद मेला तो बाजार तुटल्यामुळे, हे विसरता कामा नये.

आणि तवांगची भांडणं फक्त चीनशी नाहीत. जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत जेमतेम ५० हजार, आणि नद्यांवर एकामागून एक जलविद्युत प्रकल्प आखलेले. त्यातला न्यामजांग चू प्रकल्प ७८० मेगावॉटचा. त्या नदीकाठी झेमिथांगला हिवाळ्यात काळ्या मानेचे क्रौंच उतरतात, अगदी मोजके. मोनपा त्यांना पवित्र मानतात, सहाव्या दलाई लामांशी त्यांचं नातं जोडतात. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१६ मध्ये प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी स्थगित केली. पुढच्याच महिन्यात, विरोध करणाऱ्या एका लामाच्या अटकेवरून जमलेल्या लोकांवर तवांगमध्ये गोळीबार झाला आणि दोघे मेले, त्यात एक भिक्षू होता.

सेलाखालून आता बोगदा झालाय. मार्च २०२४ मध्ये तो खुला झाला, त्यामुळे बर्फात वाट अडायची राहिली नाही. तरी तवांगला जायचं म्हणून कुणी निघालं, की आसाम संपतो तिथे भालुकपाँगला गाडी थांबते आणि इनर लाइन परमिट दाखवावं लागतं. ही अट इंग्रजांनी १८७३ मध्ये घातली, मैदानातल्या व्यापाऱ्यांनी परवान्याशिवाय डोंगरात जाऊ नये म्हणून. मॅकमहोनच्या रेघेपेक्षा ती ४१ वर्षांनी जुनी आहे, आणि तिच्यावरून चीनशी काही वाद नाही.